शेळीच्या पोटातील तुपाचा कारखाना

करडईचे तेल थंडीच्या दिवसांतही बाटलीत पातळ राहते. मटणाच्या रश्श्यावरची चरबी मात्र रस्सा निवला की थिजते. मग शेळीला रोज थोडे करडईचे तेल चारले, तर तिची चरबीही पातळ होईल का? तुमचे उत्तर आधी वहीत लिहा आणि मगच पुढे वाचा.

तेल असो वा चरबी, दोन्ही ग्लिसरीन व स्निग्धाम्ले यांपासून बनतात. करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर असते. त्याच्या रेणूत १८ कार्बन अणूंची साखळी व २ दुहेरी बंध असतात. उणे ५ अंश सेल्सिअसच्या आसपास ते गोठते. या दोन्ही बंधांवर हायड्रोजन बसवला, की त्याचे स्टिअरिक आम्ल होते. कार्बन अणू तेवढेच. पण हे आम्ल वितळायला सुमारे ६९ अंश तापमान लागते! वनस्पती तूप करताना तेलातील दुहेरी बंध असेच कमी करतात. त्यासाठी निकेल, दाबाखालचा हायड्रोजन आणि १०० अंशांहून अधिक उष्णता लागते.

शेळी हे काम ३९ अंशांना करते. तिच्या जठराच्या चार कप्प्यांपैकी सर्वांत मोठा तो रूमेन. त्यातील एका मिलिलिटर द्रवात अब्जावधी जीवाणू असतात. ते प्रथम ग्लिसरीनपासून आम्ले सुटी करतात व मग त्यांवर हायड्रोजन चढवतात. हा खटाटोप कशासाठी? दुहेरी बंधांची आम्ले जीवाणूंना विषारी असतात. ते स्वतःचा जीव वाचवतात! रायझर या शास्त्रज्ञाने १९५१ साली मेंढीच्या रूमेनमधील द्रवात जवसाचे तेल ठेवले, तेव्हा त्यातील लिनोलेनिक आम्ल घटलेले दिसले.

म्हणून शेळीची चरबी घट्टच राहते. मात्र सर्वच रेणू शेवटपर्यंत पोचत नाहीत. एका दुहेरी बंधाचे व्हॅक्सेनिक आम्ल वाटेतच निसटते आणि रक्तावाटे कासेत जाते. तेथील विकर त्यात पुन्हा एक दुहेरी बंध घालते. तयार होणारे रूमेनिक आम्ल दुधात उतरते. तेल चारल्यावर दुधात त्याचे प्रमाण वाढते.

मग भरपूर तेल पाजावे काय? मुळीच नाही. जीवाणूंची शक्ती मर्यादित आहे. तेल फार झाले, तर चाऱ्यातील तंतू पचवणारे जीवाणूच आधी मरतात. कडबा पोटात तसाच राहतो आणि शेळी खाणे सोडते. म्हणून कोरड्या खाद्यात एकूण स्निग्धांश ६ ते ७ टक्क्यांपुढे जाऊ देत नाहीत. एक किलो कोरड्या खाद्यामागे ही मर्यादा ६० ते ७० ग्रॅम झाली; त्यातले काही ग्रॅम चारा व पेंड यांतूनच येतात. ‘दूध वाढेल’ म्हणून कोणी वाटीभर तेल पाजू लागले, तर त्याला हा हिशेब जरूर सांगा.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. लिनोलेनिक आम्लातही १८ कार्बन अणू असतात, पण दुहेरी बंध ३ असतात. त्याच्या एका रेणूपासून स्टिअरिक आम्ल करायला हायड्रोजनचे किती अणू लागतील?