कर्मसंकल्प आणि फलसंकल्प : वैद्यव्यवसायातील ध्येयनिश्चितीचा विचार

प्रास्ताविक

धन्वंतरी जयंतीस अथवा दिवाळी पाडव्यास नवी वही उघडताना बहुतेक वैद्य व औषधनिर्माते मनाशी काही संकल्प करीत असतात. 'यंदा रुग्णसंख्या दुप्पट करीन', 'पंचकर्म विभाग नफ्यात आणीन', 'आपली चूर्णे अमरावती, अकोला, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पोहोचवीन' असे त्यांचे सर्वसाधारण स्वरूप असते. या वाक्यांतील क्रियापदे आपली असली, तरी त्यांचे कर्तृत्व आपल्या एकट्याकडे नसते. वऱ्हाडात कापूस व सोयाबीन विकून पैसा हाती पडेपर्यंत जुनाट व्याधीचा रुग्ण औषध पुढे ढकलतो, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. पाऊस व बाजारभाव यांवर अवलंबून असलेली संख्या 'माझे ध्येय' म्हणून लिहून ठेवली, तर वर्षअखेर पदरी येणारे यश वा अपयश नेमके कोणाचे, हे ठरविता येत नाही.

अशा संकल्पास प्रस्तुत लेखात 'फलसंकल्प' म्हटले आहे. जो संकल्प पूर्णतः आपल्याच हातांनी, ठरलेल्या दिवशी पार पाडता येतो, तो 'कर्मसंकल्प' होय. या भेदाचा आपल्या शास्त्रातील आधार कोणता आणि नित्य व्यवहारात त्याची मांडणी कशी करावी, याचा येथे विचार करावयाचा आहे.

संहितेतील आधार

निष्काम कर्माचे नाव निघताच आपणास गीता आठवते. परंतु वैद्यास याच विचाराची अधिक व्यवहार्य मांडणी चरकसंहितेत सापडते. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात कार्यारंभापूर्वी दहा गोष्टींची परीक्षा करण्यास सांगितले आहे : कारण, करण, कार्ययोनी, कार्य, कार्यफल, अनुबंध, देश, काल, प्रवृत्ती व उपाय. चिकित्सेच्या संदर्भात भिषक् हे कारण, भेषज हे करण, धातुवैषम्य ही कार्ययोनी, धातुसाम्य हे कार्य, सुखप्राप्ती हे कार्यफल आणि प्रत्यक्ष चिकित्सेचा आरंभ ही प्रवृत्ती होय. कार्य, कार्यफल व प्रवृत्ती यांना आचार्यांनी तीन स्वतंत्र स्थाने दिली आहेत, ही बाब लक्षणीय आहे. आपण संकल्प करताना या तिघांची सरमिसळ करतो. फलाचे नाव घेतो आणि प्रवृत्तीची तारीख लिहावयाची विसरतो.

सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायातील मैत्रेयाची शंकाही या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. चतुष्पाद संपन्न असूनही काही रुग्ण दगावतात, चतुष्पादाविना काही बरे होतात. मग चिकित्सा करणे व न करणे यांत फरक तो कोणता, असे मैत्रेय विचारतो. आत्रेयांचे उत्तर असे की, पडलेला मनुष्य स्वतः उठू शकत असला, तरी दुसऱ्याने हात दिल्यास तो लवकर व विनासायास उठतो. म्हणजे एखाद्या रुग्णाचे फल पाहून कर्माची किंमत ठरविता येत नाही. त्याच अध्यायात अभ्यासू धनुर्धराचा दृष्टान्त आहे. फार दूर नसलेल्या, मोठ्या लक्ष्यावर तो बाण सोडतो, म्हणून चुकत नाही. नित्य अभ्यास व लक्ष्याची निवड या दोन्ही गोष्टी धनुर्धराच्या हाती आहेत. साध्यासाध्यतेचा विचार म्हणजे वैद्याची लक्ष्यनिवडच होय.

वऱ्हाडभूमीतील उदाहरणे

डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली अमरावती येथे कुष्ठरुग्णांसाठी 'तपोवन' उभारले. कुष्ठरोगावरील बहुविध औषधोपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली केली. म्हणजे तपोवनाची पहिली पस्तीस वर्षे आजच्यासारखा खात्रीचा उपचार उपलब्ध नसतानाच गेली. रोगमुक्तांच्या संख्येचे ध्येय ठेवून त्या काळी असे कार्य तगले नसते. आसरा, शुश्रूषा आणि रुग्णांच्या हातांना काम या गोष्टी मात्र रोज करता येण्याजोग्या होत्या.

दुसरे उदाहरण शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या संत गाडगेबाबांचे. गावात शिरताच बाबा खराटा हाती घेत आणि रात्री कीर्तन करीत. किती गावे सुधारली, याचा हिशेब त्यांनी मांडला नाही. खराटा मात्र खाली ठेवला नाही. १९५६ साली वलगावनजीक त्यांचे निर्वाण झाले.

वरूड-मोर्शीचा संत्रा बागायतदारही हेच तत्त्व जाणतो. आंबिया बहरासाठी हिवाळ्यात पाणी कधी तोडावयाचे आणि ताण कधी मोडावयाचा, हे त्याच्या हाती असते. झाडावर फळे किती टिकतील, हे नसते.

फलसंकल्पापासून होणारे अपाय

पहिला अपाय घाईचा. 'आठ दिवसांत गुण' हे ध्येय झाले, की चूर्णात स्टेरॉइड मिसळण्याचा मोह जवळ येतो. दुसरा अपाय वाचेचा. मधुमेहासारख्या व्याधी समूळ बऱ्या करण्याच्या जाहिराती १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने निषिद्ध आहेत, तरी विक्रीचा आकडा गाठावयाचा असला की लेखणी सैल होते. तिसरा अपाय निराशेचा. आकडा हुकला की योग्य मार्गाने केलेले कामही व्यर्थ वाटू लागते आणि तरुण वैद्य मार्गच सोडतो.

व्यवहारातील मांडणी

चिकित्सकासाठी : 'रुग्णसंख्या वाढवीन' याऐवजी 'प्रत्येक नव्या रुग्णाचा अग्नी, कोष्ठ व प्रकृती यांची लेखी नोंद करूनच औषध देईन', 'फेरतपासणीस न आलेल्या जुनाट व्याधीच्या रुग्णाची आठवड्याच्या आत विचारपूस करीन', 'रोज रात्री अर्धा तास संहितावाचन करीन' असे संकल्प असावेत.

रुग्णासाठी : एचबीएवनसी ही तपासणी साधारण मागील तीन महिन्यांची सरासरी सांगते, आज काय करावे, हे ती सांगत नाही. म्हणून प्रमेही रुग्णास आकड्याऐवजी कर्म द्यावे : दिवसा झोपणे बंद, रोज अर्धा तास चालणे, रात्री आठपूर्वी हलके जेवण. त्याची चालू असलेली अन्य औषधे परस्पर बंद न करणे, हाही त्याचा कर्मसंकल्पच समजावा. खारपाणपट्ट्यातील शेतमजुरास 'खडा पुन्हा होऊ देऊ नका' असे सांगून उपयोग नाही. 'शेतावर जाताना गोडे पाणी बरोबर न्या आणि ते संपवूनच घरी या' हे त्याला करता येते.

औषधनिर्मात्यासाठी : विक्रीच्या आकड्याऐवजी 'कच्च्या मालाचे प्रत्येक पोते ओळख पटल्यावरच आत घेईन व त्याचा नमुना राखून ठेवीन' असा संकल्प करावा. मिऱ्यांत पपईच्या बियांची भेसळ होते, हे सर्वज्ञात आहे. चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते, असे शार्ङ्गधराचे मत आहे. म्हणून लहान खेपेत दळणे हे कर्म स्वीकारता येईल. अंजनगाव सुर्जी व अकोट परिसरात पानपिंपरी पिकते. हंगामात एकदा स्वतः मळ्यावर जाऊन माल पाहणे कोणत्याही निर्मात्यास शक्य आहे.

संकल्पांची संख्या कमी असावी. अहितकर सवय एकदम न सोडता चतुर्थांशाने सोडावी व हितकर सवय त्याच क्रमाने लावावी, असा पादांशिक क्रम चरकाने सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात सांगितला आहे. तोच येथेही लावावा. एका तिमाहीस एक कर्म पुरेसे आहे.

एक आक्षेप

यावर कोणी म्हणेल, की फलाकडे पाहावयाचेच नसेल तर वैद्य बेफिकीर होईल. आक्षेप रास्त आहे. परंतु फल हे ध्येय नसले, तरी परीक्षेचे साधन आहेच. उपशय-अनुपशय पाहूनच आपण निदान पडताळतो. तीन महिने कर्म चोख होऊनही उपशय दिसत नसेल, तर निदान, औषध अथवा मात्रा बदलावी, प्रसंगी रुग्णास तज्ज्ञाकडे पाठवावे. कर्मच झाले नसेल, तर औषध बदलण्याचे कारण नाही. हा निवाडा करता येणे, हाच कर्माची नोंद ठेवण्याचा मोठा लाभ होय. नोंद नसेल, तर औषध चुकले की ते घेतलेच गेले नाही, हे कळण्यास मार्ग उरत नाही.

स्वाध्याय

वाचकांनी आपल्या वहीतील चालू वर्षाचे संकल्प पुढील तीन प्रश्नांवर तपासून पाहावेत :

१) हे पूर्ण करण्यास माझ्याखेरीज आणखी कोणाची इच्छा लागते काय?
२) ते आज केले की नाही, याचे उत्तर आज रात्री 'होय' वा 'नाही' असे देता येईल काय?
३) ते साधण्यासाठी रुग्णास वा ग्राहकास खोटे सांगण्याचा मोह पडू शकेल काय?

पहिल्याचे उत्तर 'नाही', दुसऱ्याचे 'होय' व तिसऱ्याचे 'नाही' असे येईल, तोच संकल्प वहीत ठेवावा. उरलेले संकल्प त्या कसोटीस उतरतील अशा शब्दांत पुन्हा लिहावेत.