गार पाण्यातले नारिंगी मासे

प्रश्न : तारकर्लीला एकदा स्कूबा केलं आहे. ऑक्टोबरात लेकीकडे लॉस एंजेलिसला जातेय. तिथल्या गार समुद्रात रंगीत मासे दिसतील का?

उत्तर : दिसतील की! रंग फक्त उष्ण समुद्रात, हा आपला उगाचचा समज. लॉस एंजेलिसजवळच्या कॅटालिना बेटावर, अ‍ॅव्हलॉन गावच्या कसिनो पॉइंटला पायऱ्या उतरून थेट पाण्यात शिरता येतं. तिथे केल्प या उंच सागरी शेवाळाच्या जंगलात गॅरिबाल्डी मासा हमखास भेटतो. झेंडूसारखा नारिंगी, पिल्लांच्या अंगावर चमकदार निळे ठिपके. नर लाल शेवाळाचं घरटं राखतो आणि माणसावरही धावून येतो. घाबरू नका, पण घरट्यापासून लांब राहा. शीपहेड मासा तर जन्मतो मादी म्हणून आणि पुढे नर होतो. मग डोकं-शेपूट काळं, मधलं अंग लालसर. निळ्या पट्ट्यांचा लालभडक गोबी जेमतेम बोटाएवढा, तो खडकाच्या कपारींत शोधावा. टॉर्च न्याच, कारण खोल पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी विरतो.

पाणी साधारण 18 ते 20 अंशांचं असेल. 7 मिलिमीटरचा वेटसूट आणि हूड घ्या. जाड सूट वर उचलतो, म्हणून वजनाचा पट्टाही जड लागतो.

एक महत्त्वाचं : तारकर्लीची हात धरून मारलेली डुबकी म्हणजे प्रशिक्षण नव्हे. ओपन वॉटर प्रमाणपत्र नसेल, तर प्रशिक्षकासोबतच उतरा. दिवसात दोन-तीन डुबक्या झाल्या, तर परतीच्या विमानाआधी किमान 18 तास मोकळे ठेवा.