रिसेटचे बटण लावण्याआधी

मायक्रोकंट्रोलरच्या प्रोजेक्टला रिसेटचे बटण लावणे हे दोन वायरींचे काम, असे समजून ते सर्वांत शेवटी, डबा बंद करण्याच्या घाईत उरकले जाते. ती घाई किती महागात पडते हे मी आमच्याच सोसायटीत पाहिले.

गच्चीवरच्या टाकीचा पंप आपोआप चालू-बंद करणारा कंट्रोलर एका विद्यार्थ्याने मेहनतीने करून दिला होता. झिरो पीसीबीवर एटीमेगा ३२८पी चिप, तिच्या हुकमाने चालणारा रिले आणि रिलेवर पंपाचा काँटॅक्टर. वॉचमनकाकांची सोय म्हणून रिसेटचे बटण त्यांच्या खोलीत बसवले होते आणि त्याच्या वायरी पंपाच्या वायरींसोबत एकाच पाइपातून नेल्या होत्या. टाकी भरली की पंप बंद व्हायचा आणि लगेच पुन्हा सुरू व्हायचा. गच्चीवरून पाणी वाहू लागले. सगळ्यांचा संशय टाकीतल्या सेन्सरवर होता. तो बदलूनही झाला. शेवटी मी बटणाच्या दोन्ही वायरी बोर्डावरून सोडवल्या आणि पंप गुमान बंद राहिला.

काँटॅक्टर सुटताना त्याच्या कॉइलमधून व्होल्टेजचा जोराचा झटका निघतो. बटणाची लांब वायर अँटेनासारखी तो झेलत होती. या चिपची रिसेट पिन नेहमी वर, म्हणजे पाच व्होल्टवर राहायला हवी. ती ग्राउंडला गेली की चिप रिसेट होते. आणि इथे तिला वर धरून ठेवायला चिपच्या पोटातला ३० ते ६० किलो-ओहमचा रेझिस्टर तेवढा होता. ही पिन अडीच मायक्रोसेकंद खाली गेली तरी पुरते. त्यात प्रोग्रॅमची सुरुवातच ‘पंप चालू’ अशी. म्हणजे पंप बंद झाला की झटका, झटक्याने रिसेट, रिसेटने पंप पुन्हा चालू.

म्हणून नुसती चिप वापरत असाल तर रिसेट पिन ते पाच व्होल्ट १० किलो-ओहमचा रेझिस्टर आणि पिन ते ग्राउंड १०० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर चिपला अगदी लागून लावा. बटणाच्या मालिकेत ३३० ओहमचा रेझिस्टर टाकला की दाबताना कपॅसिटर एकदम शॉर्ट होत नाही. आर्डुइनो उनोवर मात्र हा कपॅसिटर लावू नका. तिथे यूएसबीकडून येणारा रिसेटचा इशारा १०० नॅनोफॅरॅडमधूनच येतो. तुमच्या कपॅसिटरमुळे तो अर्धा होतो आणि प्रोग्रॅम अपलोड होईनासा होतो. उनोला रिसेट आणि ग्राउंडमध्ये नुसते बटण पुरे.

डिप्लोमाला ८०५१ शिकून आलेल्यांनी आणखी सावध राहावे. त्या चिपचा रिसेट उलटा, पिन वर गेली की होणारा. त्या सवयीने इथे पिनवरून ग्राउंडला रेझिस्टर जोडला, तर चिप कधी जागीच होणार नाही. चार पायांच्या छोट्या बटणाचे पाय आतून जोडीजोडीने जोडलेले असतात. समोरासमोरच्या तिरप्या कोपऱ्यांचे दोन पाय घ्या, चूक होत नाही.

बटण लांबच हवे असेल तर ते रिसेट पिनला जोडूच नका, असे माझे स्पष्ट मत आहे. ते साध्या इनपुट पिनला जोडा आणि दोन सेकंद दाबून धरले तरच चिपमधल्या वॉचडॉग टायमरकडून रिसेट घडवा. झटका दोन सेकंद टिकत नाही. रिलेच्या डीसी कॉइलवर डायोड आणि काँटॅक्टरच्या एसी कॉइलवर आरसी स्नबर हवाच.

याहून मोठा धोका वेगळाच आहे. रिसेटच्या काळात चिपच्या सगळ्या पिना मोकळ्या सुटतात, त्यांना कोणी वर वा खाली धरलेले नसते. अशा वेळी रिलेच्या ट्रान्झिस्टरचा बेस अधांतरी राहता कामा नये. तिथून ग्राउंडला १० किलो-ओहमचा रेझिस्टर द्या. खाली ओढल्यावर चालणारे रिले मॉड्यूल असेल तर तोच रेझिस्टर पाच व्होल्टला जोडा. आणि प्रोग्रॅमची पहिली ओळ पंप बंद ठेवणारी असू द्या. रिसेटला कोणी ‘स्टॉप’ समजू नये: पंप थांबवायचे बटण काँटॅक्टरच्या कॉइलचा पुरवठाच तोडणारे, वेगळे असले पाहिजे, आणि २३० व्होल्टची ती जोडणी वायरमनकडूनच करून घ्यावी.

डबा बंद करण्याआधी पंपाच्या जागी साधा बल्ब जोडून बघा. बल्ब लागलेला असताना रिसेट दाबा, विझलेला असताना दाबा, काँटॅक्टर ओढताना आणि सुटताना चिपकडे लक्ष ठेवा. बल्ब एकदा जरी आपणहून लागला, तरी पंप जोडू नका.