रोज बंद होतो, तरी नऊ दिवस चालू?

प्रश्न : मी रोज रात्री लॅपटॉप ‘शट डाउन’ करते. तरी टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’मध्ये सीपीयूखाली ‘अप टाइम’ 9 दिवसांचा दिसतो. बिघाड आहे का?

उत्तर : नाही. विंडोज 8 पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती सुरू असली की शट डाउन करताना तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा, म्हणजे कर्नल, डिस्कवर जसाच्या तसा जतन होतो आणि सकाळी तोच पुन्हा उचलला जातो. म्हणून मोजणी शून्यावर येत नाही. ‘रीस्टार्ट’ने मात्र येते. (उलटंच वाटतं, नाही का?) लॅपटॉप अडखळू लागला, तर शट डाउनपेक्षा रीस्टार्टच करा. एसएसडी असेल, तर पॉवर ऑप्शन्समधून ही सोय खुशाल बंद करा. सुरू व्हायला लागणाऱ्या वेळात फारसा फरक जाणवणार नाही.