शेजार : पहिला मदतनीस

भूकंप, महापूर किंवा वादळ आले, की सरकारी यंत्रणा, अग्निशमन दल आणि लष्कर यांच्या मदतीकडे सर्वांचे डोळे लागतात. ही मदत आवश्यकच असते. परंतु ती पोहोचेपर्यंत मोलाचे तास निघून जातात. त्या तासांत हाकेला धावून येतो तो शेजारी. जपानमधील कोबे शहर व त्याच्या परिसरात १९९५ साली झालेल्या भूकंपाच्या वेळी याचा प्रत्यय आला.

१७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी हा भूकंप झाला. त्यात ६,४०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि एक लाखाहून अधिक घरे पूर्णपणे कोसळली. नळ कोरडे पडले, ठिकठिकाणी आगी लागल्या. अग्निशमन दलाला एकाच वेळी सगळीकडे पोहोचणे अशक्य झाले. एका अंदाजानुसार सुमारे ३५,००० माणसे ढिगाऱ्याखाली अडकली होती. त्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक लोकांची सुटका शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच केली.

भूकंपाच्या केंद्राजवळ आवाजी नावाचे बेट आहे. तेथील होकुदान या गावात कोणत्या घरात किती माणसे राहतात, घरातील वृद्ध कोणत्या खोलीत झोपतात, हे शेजाऱ्यांना ठाऊक होते. त्यामुळे ढिगारा नेमका कोठे उपसायचा, हे विचारावे लागले नाही. गावातील स्वयंसेवी अग्निशमन पथक आणि रहिवासी यांनी सुमारे ३०० जणांना त्याच दिवशी बाहेर काढले.

कोबे शहरातील मानो या वस्तीचा अनुभवही असाच आहे. कारखान्यांच्या प्रदूषणाविरुद्ध येथील रहिवासी १९६० च्या दशकापासून एकत्र आले होते. पुढे त्यांनी झाडे लावली, वस्तीच्या सुधारणेचे आराखडे तयार केले, एकाकी वृद्धांची काळजी घेतली. भूकंपानंतर आग लागली, तेव्हा या लोकांनी रांगा करून हातोहात बादल्या पोहोचवल्या. जवळच्या कारखान्यातील कामगारही मदतीला आले आणि आग आटोक्यात आली. आसपासच्या काही वस्त्यांत मात्र घरेच्या घरे जळून गेली. एकत्र काम करण्याची सवय मानोच्या लोकांना आधीपासूनच होती. तीच त्या दिवशी कामी आली.

या कथेची दुसरी बाजू क्लेशदायक आहे. बेघर झालेल्यांना तात्पुरती घरे देताना चिठ्ठ्या टाकण्यात आल्या आणि वृद्ध व अपंग यांना प्राधान्य मिळाले. हेतू चांगला होता. पण जुने शेजारी एकमेकांपासून दुरावले. अनोळखी वसाहतीत विचारपूस करणारे कोणी उरले नाही. पुढील काही वर्षांत या घरांमध्ये २०० हून अधिक माणसे एकटेपणी, कोणाला न कळता मरण पावली. डोक्यावर छप्पर होते, शेजार नव्हता.

जपानने यातून धडा घेतला. ऑक्टोबर २००४ मध्ये निगाता प्रांतात भूकंप झाला, तेव्हा यामाकोशी गावातील लोकांना तात्पुरती घरे देताना एकेका वाडीतील कुटुंबे एकत्र ठेवण्यात आली.

मजबूत घरे आणि सुसज्ज यंत्रणा यांना पर्याय नाही. परंतु शेजाऱ्यांमधील ओळख आणि विश्वास संकटाच्या क्षणी निर्माण करता येत नाहीत. ते रोजच्या विचारपुशीतून, सुखदुःखातील सहभागातून आणि सार्वजनिक कामातून आधीच जोपासावे लागतात. यालाच आपण शेजारधर्म म्हणतो.

शब्दार्थ
प्रत्यय येणे – अनुभव येणे
आराखडा – नियोजित कामाची रूपरेषा
क्लेशदायक – दुःख देणारे
जोपासणे – काळजीपूर्वक वाढवणे

पाठगत प्रश्न
१. होकुदानमधील बचावकार्य त्वरेने का होऊ शकले?
२. ‘डोक्यावर छप्पर होते, शेजार नव्हता’ या विधानाचा आशय स्पष्ट करा.
३. तुमच्या शेजारी राहणाऱ्या कोणाला संकटकाळी प्रथम मदत लागेल? त्यासाठी आधी काय तयारी करता येईल, ते लिहा.