'नेट चालू आहे का?' : नेटवर्क सपोर्टमधील करिअरची तयारी

हॉस्टेलवर संध्याकाळी सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न 'आज भाजी काय?' हा नाही. 'नेट चालू आहे का बे?' हा आहे. याचं उत्तर शोधून देण्याबद्दल पगार मिळतो, त्या कामाला नेटवर्क सपोर्ट म्हणतात. त्यासाठी आपल्यातले काहीजण शेवटच्या वर्षानंतर हुतात्मा एक्सप्रेसने पुणे गाठतात, घरच्यांच्या पैशांतून क्लासची फी भरतात. जाण्याआधी इथे सोलापुरातच किती शिकता येतं, ते पाहू.

सर्टिफिकेटला किंमत आहेच. सिस्कोची सीसीएनए १९९८ पासून आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये तिचं स्वरूप बदलून एकच परीक्षा (२००-३०१) झाली. ती पास झाल्यावर सर्टिफिकेट तीन वर्षं ग्राह्य धरतात. पण 'डम्प्स' पाठ करून मिळवलेलं सर्टिफिकेट इंटरव्ह्यूत हातात केबल दिली की उघडं पडतं.

क्रिम्पिंगचंच बघा. केबलमध्ये आठ तारा, म्हणजे पिळलेल्या चार जोड्या. टी-५६८-बी पद्धतीचा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी का घुसवली? सोपं पडावं म्हणून कुणी दोन्ही टोकांना जोड्या सरळ ओळीने लावतो. साध्या टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागतात! तरी लांब केबलवर नेट रडतखडत चालतं. कारण एक सिग्नल ३ आणि ६ नंबरच्या पिनांतून जातो आणि त्या दोन तारा एकाच जोडीतल्या, एकमेकींभोवती पिळलेल्या असाव्या लागतात. नसल्या, तर शेजारच्या जोडीचा सिग्नल त्यांच्यात मिसळतो. हात-दीड हाताच्या तुकड्यावर हे सहसा लक्षातही येत नाही.

दोष शोधायलाही क्रम लागतो. आधी पोर्टचा दिवा. मग 'आयपीकॉन्फिग'. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर डीएचसीपीकडून पत्ता आलेला नाही, मशीनने स्वतःच घेतलाय. पत्ता ठीक असेल तर गेटवेला पिंग, मग ८.८.८.८ ला. तिथून उत्तर येतं पण कुठलीच साईट नावाने उघडत नाही, तर संशय डीएनएसवर. (काही फायरवॉल पिंग अडवतात, म्हणून उत्तर नाही म्हणजे समोरचं मशीन मेलं असं नाही.) 'रिस्टार्ट करून बघा' हा सल्ला शेवटी. आधी दिलात तर पुरावाच पुसला जातो.

सरावाला महागडा राऊटर नको. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर मोफत मिळतं. जुन्या पीसीवर लिनक्स टाका. पदवीनंतर पूर्णवेळ शिकायचं असेल तर सी-डॅकचा आयटी इन्फ्रास्ट्रक्चर, सिस्टिम्स आणि सिक्युरिटीचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. प्रवेश सी-कॅट परीक्षेतून. पहिली नोकरी बहुधा डेस्कटॉप सपोर्टची किंवा शिफ्टची असते. रात्री तीनला कुणाचा तरी प्रिंटर. यात कमीपणा मानणारे मला पटत नाहीत. नेटवर्क कुठे कुठे तुटतं ते तिथेच दिसतं.

आणखी एक भांडवल आपल्याकडे आहे, ते आपण मोजत नाही. सोलापूरच्या पोराला मराठी-हिंदीबरोबर तेलुगू किंवा कन्नड कानावर पडलेली असते. वैतागलेल्या माणसाला फोनवर 'कोणता दिवा लागलाय?' हे त्याच्या भाषेत विचारता आलं, तर अर्धं काम झालं.

आता एक उदाहरण सोडवा. चार मजल्यांच्या हॉस्टेलला १९२.१६८.१०.० पासून २५६ पत्ते दिलेत. /२६ ने चार भाग केले की प्रत्येकी ६४. नेटवर्क आणि ब्रॉडकास्टचे दोन वजा करून ६२, गेटवेला एक दिला की उरले ६१. पण एका मजल्यावर ७० लॅपटॉप निघाले, आणि बाकी तीन मजल्यांवर प्रत्येकी २५. आहे त्याच २५६ पत्त्यांत चौघांची सोय कशी लावाल?