डोळ्याची उंची मोजून कळव

कोल्हापूर,
आषाढ अमावास्या

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

काल रात्री वहिनींचा फोन आला. बोलता बोलता दोनदा थांबल्या. वहिनी बोलताना थांबणाऱ्यांतल्या नाहीत, हे तुला ठाऊक आहे. म्हणाल्या, "भावोजी, तो गाडीच्या स्प्रिंगा कापून घ्यायला निघालाय. आधीच ती जमिनीला चिकटलेली. तुम्ही लिहा त्याला." रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून उजाडल्यावर हे लिहायला बसलो.

साखरपुड्यात तुझा तो आंबोली घाटातला व्हिडिओ सगळ्यांनी मोबाईलवर पाहिला. धुकं, ओला रस्ता आणि समोरून येणारा डंपर. त्याच्या चाकापेक्षा तुझी गाडी जेमतेम वर दिसते. कोणीतरी म्हणालं, डंपरखालून जाईल बघा ही, आणि सगळे हसले. दादासुद्धा हसला. मला हसू आलं नाही. मी त्या डंपरच्या काचेकडे बघत होतो. तिथून तू दिसत असशील का?

गाडीबद्दल माझं काही म्हणणं नाही, हे आधी लिहितो. गोव्यात बनलेली, 1998 साली आलेली ती सॅन स्टॉर्म तू भंगारातून उचललीस, दोन वर्षं पगार घालून तिची फायबरची बॉडी सांधलीस, रेनोचं इंजिन पुन्हा बोलतं केलंस. मला त्याचा अभिमान आहे. तुझ्या वयाचं कोणी इतक्या चिकाटीनं काही करताना मी पाहिलेलं नाही. माझी भीती एकाच गोष्टीची आहे. स्प्रिंगा कापून गाडी 5 सेंटिमीटर खाली, शिवाय सीटखालचे रेल काढून तू स्वतः आणखी खाली. मग तुझा डोळा रस्त्यापासून किती उंचीवर येतो? मोजलंस का?

मी चौतीस वर्षं बांधकाम खात्यात रस्ते आखले. चढ संपून उतार लागतो त्या माथ्याची गोलाई ठरवताना कागदावर आधी दोन आकडे मांडायचे. इंडियन रोड्स काँग्रेसनं ते ठरवून दिलेले आहेत. चालकाचा डोळा 1.2 मीटरवर आणि पलीकडची अडचण 15 सेंटिमीटर उंचीची. ताशी 80 किलोमीटरच्या रस्त्याला 120 मीटर आधी ती अडचण दिसली पाहिजे, म्हणजे माणूस थांबू शकतो. माझ्या हातून गेलेला प्रत्येक माथा त्या 1.2 मीटरच्या डोळ्यासाठी कापलेला आहे. तुझ्या डोळ्यासाठी कोणी कापलेला नाही.

पहाटे जुना ग्राफ पेपर काढला. तुझा डोळा 1 मीटरवर धरला, तर त्याच माथ्यावर 120 चे 112 मीटर होतात. तू म्हणशील, काका, आठच मीटर? हो, आठच. पण ब्रेक दाबून गाडी जिथे थांबायला हवी, त्याच्या आठ मीटर आधी ती अजून ताशी पंचविसाच्या वर पळत असते. त्या वेगानं फायबरचं नाक कशावर आपटलं तर पुढे काय होतं, हे त्या नाकाचे तुकडे सांधणाऱ्याला मी सांगायला नको.

गेल्या दिवाळीत तू मला बॉनेटचं सांगितलं होतंस. या गाडीचं बॉनेट खाली उतरत जातं, त्यामुळे जवळचा रस्ता मोठ्या गाडीपेक्षा जास्त दिसतो. ते खरं आहे, मी तेही मांडून पाहिलं. डोळा 1 मीटरवर, बॉनेटचा उंचवटा 80 सेंटिमीटर आणि डोळ्यापासून 1.4 मीटर पुढे धरला, तर 7 मीटरपासून पुढचा रस्ता दिसतो. पूर्ण गाडी 5 सेंटिमीटर खाली घेतली तर डोळा आणि बॉनेट दोन्ही उतरतात, आणि जवळचं उलट किंचित जास्त दिसतं. इथे तुझा मुद्दा मान्य. पण नुसती सीट 5 सेंटिमीटर खाली घेतलीस, तर बॉनेट आहे तिथेच राहतं आणि डोळा बुडतो. मग रस्ता जवळजवळ 9 मीटरपासून दिसायला लागतो. दोन मीटर गिळले. म्हणजे माथ्यावर स्प्रिंग घात करणार आणि गल्लीत सीट. तू दोन्ही एकदम करतो आहेस.

आणि हे झालं तुला काय दिसतं त्याचं. तू कोणाला दिसतोस, ते वेगळंच. हल्लीच्या काही गाड्यांची बॉनेटं माणसाच्या छातीला लागतात. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या रस्ता सुरक्षा संस्थेनं 2023 मध्ये अभ्यास केला. बॉनेट 40 इंचांहून उंच असलेल्या गाडीची धडक, 30 इंचांच्या आतल्या उतरत्या बॉनेटपेक्षा, पायी माणसाचा जीव जाण्याची शक्यता सुमारे 45 टक्क्यांनी वाढवते. तो अभ्यास चालणाऱ्यांबद्दल आहे. मला मात्र वाचताना तू दिसलास. अशा बॉनेटच्या किंवा डंपरच्या अगदी पुढ्यात थांबलास, तर चालवणाऱ्याला तू दिसशीलच असं नाही.

स्प्रिंग कापण्याबद्दल गॅरेजवाला तुला सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. वेटोळी कमी झाली की उरलेली स्प्रिंग कडक होते. तिचं कापलेलं टोक वाटीत नीट बसत नाही. खड्ड्यात चाक लोंबकळलं की ती जागची निसटू शकते. शॉकअ‍ॅब्सॉर्बरची चाल आधीच संपते आणि गाडी रबरावर आपटते, नेमकी तेव्हा जेव्हा तू घाबरून ब्रेक दाबलेला असतोस. नियमाचा गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असतो. गावोगावी लोकांनी डांबर ओतून केलेले गतिरोधक कसे असतात, ते तू रोज पाहतोस. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वगैरे दादानं तुला ऐकवलं असेलच, ते मी पुन्हा लिहीत नाही.

हे मला पुस्तकात वाचून कळलं असं तुला वाटेल. आता जे लिहितो ते आपल्या घरात कोणाला माहीत नाही.

दादाचा गुडघा तू जन्मापासून पाहतो आहेस. जेवायला बसताना तो डावा पाय लांब करतो, आमची आई त्यासाठी त्याला वेगळा पाट ठेवायची. "फियाटचा पाटा तुटला आणि अपघात झाला," एवढंच तुला माहीत आहे. आईलाही तेवढंच माहीत होतं. पाटा तुटला नव्हता, बाळू. मी काढला होता. 1986 साल. शोलावरमच्या शर्यतीतल्या, जमिनीलगत पळणाऱ्या फियाटचे फोटो पाहून माझं डोकं फिरलं होतं. आपली सेकंडहँड फियाट मी एका गॅरेजात नेली, पुढच्या स्प्रिंगा कापून घेतल्या, मागच्या पाट्यांतला एकेक पाटा उतरवला. दादाला सांगितलं, सर्व्हिसिंग केलं. नोकरीला लागून वर्ष झालं होतं. 1.2 मीटरचं गणित परीक्षेत सोडवून आलो होतो.

मलकापूरच्या अलीकडे चढ आहे. उसाचे दिवस, दिवेलागणीची वेळ. माथ्यावर आलो आणि समोर उसाची बैलगाडी, मागे कंदीलसुद्धा नव्हता. दिसली तेव्हा उशीर झाला होता. ब्रेक दाबला, गाडीनं नाक टेकलं, मागचं ढुंगण फिरलं. गाडीवान वाचला. एका बैलाचा पाय गेला. दादा डाव्या सीटवर होता.

दवाखान्यात दादानं मला एकच विचारलं, "तुला लागलं नाही ना?" त्यानंतर आजवर त्या गाडीबद्दल त्यानं अक्षर काढलेलं नाही. कधी कधी वाटतं, त्याला सगळं माहीत आहे. गॅरेजवाला गावातलाच होता. मी मात्र एकदाही सांगितलं नाही. पुढे नोकरीत माथ्याचं कटिंग वाचवू म्हणणाऱ्या कंत्राटदारांशी मी भांडलो, बदल्या भोगल्या, लोक म्हणाले हा माणूस फार ताठ आहे. मला तेव्हा फक्त तो गुडघा दिसायचा.

आता तूही त्याच वयाचा आहेस आणि तुझी गाडीही खाली बसते आहे. म्हणून रात्री झोप आली नाही. मघाशी कडक लिहिलं असेल तर मनावर घेऊ नकोस. तुझ्यावर चिडलो नाही मी.

या पत्राबरोबर माझा खात्यातला पोलादी टेप पाठवतो आहे. गाडीत नेहमीसारखा बस, कोणालातरी बाहेर उभं कर आणि डोळ्यापासून रस्त्यापर्यंत सरळ मोजून घे. आधी आत्ताचं, मग सीट उतरवली तर किती होईल ते. दोन आकडे एका चिठ्ठीवर लिहून पाठव, फोनवर नको. ग्राफ मी करतो, पुढे काय करायचं ते आपण दोघं बसून ठरवू. स्प्रिंगा तोवर राहू देत, एवढं ऐक.

गणपतीला मी येतोय. दादालाही तेव्हाच सांगणार आहे, तू जवळ बसशील तर बरं होईल. आणि तुझ्या गाडीतून मला एकदा आंबोलीपर्यंत ने, हळू. गुडघे माझेही आता कुरकुरतात, तेव्हा डावी सीट आहे त्या उंचीवरच ठेव. वहिनींना आज फोन कर.

तुझा,
काका